चौथ्या सिनेमाबद्दल

सस्काचेवान,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रिय लेस्या,

अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर त्यात इंजेक्शन देणार होता, दिलं का? की तू नेहमीसारखी घाबरून परत आलीस? शेजारच्या लाम आजीबाईंचा खोकला थांबला का? सूनबाईंना आता सहावा लागला असेल. नीनाला म्हणावं, जड काही उचलू नकोस आणि लोकांचे सल्ले ऐकू नकोस, माझाही नको. तुझी ती एका डोळ्याची मांजर अजून परडीत पडून सगळ्यांचा पाणउतारा करते ना? बरं आहे. घरात कुणीतरी तोंडावर खरं बोलणारं असावं.

मी ठीक आहे. साखर थोडी वर गेलीय, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं लख्ख दिसतं. थोडं कमी दिसलं असतं तरी चाललं असतं. थंडी उणे चौतीसवर आहे. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर लावून ठेवली तरी सकाळी ती आजारी म्हशीसारखी कण्हते. परवा वॉल्टर येऊन दारातला बर्फ काढून गेला. मग कॉफीला आत आला आणि खसखशीचा अर्धा रोल एकट्याने संपवला. "उरलेला अर्धा तुझ्या साखरेसाठी ठेवला," म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, पण वात्रटपणा सुटला नाही.

तू दर पत्रात विचारतेस, ताई, काय काय पाहिलंस? तर गेल्या पाच आठवड्यांत चार सिनेमे झाले. आपलं थिएटर अजून आम्ही म्हातारी माणसंच चालवतोय. तिकिटाच्या खिडकीत मी, मक्याच्या लाह्या वॉल्टरकडे, आणि वर मशीनवर शाळेतला गणिताचा मास्तर. मतांची वहीसुद्धा तशीच चालू आहे. दोरीला पेन्सिल बांधलेली, जाताना प्रत्येकाने एक ओळ लिहायची आणि पहिली ओळ माझी. आठवी शिकलेल्या बाईला गावाने एवढा मान दिला. इंग्रजी मी त्या पडद्यावरूनच शिकले हे तुला माहीतच आहे.

पहिला होता दरोड्याचा. वाळवंटातली बँक, सहा चोर, एक नकाशा. दोन तास सगळे उन्हात पळत होते आणि एकालाही तहान लागली नाही. मी वहीत लिहिलं, "यांना कुणीतरी पाणी द्या." वॉल्टरने खाली लिहिलं, "आणि लाह्या."

दुसरा कुत्र्याचा. मालक मरतो, कुत्रा स्टेशनावर वाट पाहत बसतो, तसल्यातला. अख्खं थिएटर रडलं. मी नाही रडले. कुत्रा फार स्वच्छ होता गं. तीन महिने रस्त्यावर काढलेलं जनावर, आणि अंगाला शाम्पूचा वास येत असावा असं दिसत होतं. माझी ओळ, "कुत्र्याला आंघोळ कोण घालत होतं?" मास्तर रागावला. म्हणे, "स्टेफा, तुला काळीज नाही." मी म्हटलं, "आहे, पण ते मी घरी ठेवून येते. तिकीट फाडताना मध्ये येतं."

तिसरा एका म्हाताऱ्या जोडप्याचा. दोघं पन्नास वर्षांनी भेटतात आणि समुद्रकाठी चालतात. चालतातच. एकदा बसले तेव्हा मला इतकं बरं वाटलं! पण त्यातली बाई चांगली होती. एका जागी तिला त्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि ती न सांगता त्याच्या कोटाचं बटण लावते. तेवढं मला पटलं. मी लिहिलं, "बटण छान लावलं." लोकांना वाटलं मी टिंगल केली.

बस, असे झाले तीन सिनेमे. चर्चचं छप्पर गळतंय, ते उन्हाळ्यात करू म्हणतात. दरवर्षी म्हणतात. ईस्टरच्या केकसाठी मी अक्रोड आणून ठेवलेत.

लेस्या, वर मी सगळ्यांची चौकशी केली, मांजराचीसुद्धा केली, पण एड्रियनची केली नाही. तुझ्या लक्षात आलं असेल. त्याच्या सिनेमाबद्दल मी काय लिहिते हे शोधतच तू इथवर वाचत आली असशील. गेल्या शनिवारी लागला. चौथा तोच.

सिनेमा चांगला आहे. आधी हे सांगते, कारण तेच माझं दुखणं आहे. वाईट असता तर मी एक ओळ लिहून हसले असते. तुझ्या मुलाला नजर आहे. बर्फावरचा संध्याकाळचा निळा उजेड त्याने असा पकडलाय की मला माझ्या खुर्चीत थंडी वाजली. आपल्या आईचं काम करणारी बाई खिडकीपाशी बसून गाई मोजते, वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाई, तेव्हा बोटं अगदी आईसारखी हलवते. चुका आहेत. आईचे बूट तपकिरी होते, आत मेंढीच्या लोकरीचे. त्याने काळे दाखवले. आणि ती थोरली मावशी बटाटे सोलते तेव्हा अर्धा बटाटा सालीबरोबर जातो. आपल्या घरी असं केलं असतं तर आईने विस्मरणातून बाहेर येऊन थोबाडीत दिली असती.

त्या मावशीला सिनेमात नाव नाही. पातळ ओठ, कपाळाला आठी. ती म्हाताऱ्या आईचे बूट शिवणाच्या कपाटात कुलपात ठेवते. मुलगा विचारतो तेव्हा म्हणते, "मोठ्यांच्या गोष्टीत पडू नकोस." मग एका शनिवारी ओठ रंगवून सिनेमाला जाते आणि मागच्या दाराची कडी उघडी ठेवते. धाकटी बहीण वर मुलाला गोष्ट सांगत असते, तिला बिचारीला काय माहीत! म्हातारी पायमोज्यांवर बर्फात निघून जाते. आणि त्यानंतर, लेस्या, पडद्यावर थिएटर येतं. ती मावशी हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. किती वेळ दाखवलंय ते!

मी माझ्या नेहमीच्या जागी होते, तिसरी रांग, कडेची खुर्ची. एक्केचाळीस माणसं होती आणि सगळी ताठ मानेने समोर बघत होती. कुणी लाही चावली नाही.

शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं आली. माझ्या आजीच्या आठवणीस. आणि खाली, माझ्या आईस, जिने मला खरं सांगितलं.

ते मी दोनदा वाचलं. म्हटलं ना, हल्ली लख्ख दिसतं.

बाहेर आले तर सगळे कोट घालून वहीभोवती उभे. पहिली ओळ माझी ना! कुणी पेन्सिलीला हात लावेना, कुणी घरीही जाईना. बाहेर गाड्या गारठून चाललेल्या, आणि एक्केचाळीस माणसं स्वतःचे हातमोजे न्याहाळत उभी. शेवटी वॉल्टर पुढे आला. म्हणाला, "सरका रे. स्टेफाचा चष्मा घरी राहिलाय." चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने पहिली ओळ सोडली आणि दुसऱ्या ओळीवर लिहिलं, "बर्फ छान दाखवलाय." मग सगळ्यांनी बर्फच लिहिला. पानभर बर्फ. फादरनी लिहिलं, "बर्फ फारच खरा वाटतो."

जाताना मास्तरची बायको मला मिठी मारून म्हणाली, "आम्ही कुणी तुला दोष देत नाही हं." सव्वीस वर्षांत ती हे कधी म्हणाली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं देत होती.

आता तुला आठवण करून देते. तू विसरली नसशील, पण मला एकदा कागदावर बघायचंय.

बूट लपवायला मला तूच सांगितलंस. नोव्हेंबरात आई दोनदा गाई दोहायला म्हणून निघून गेली, तिच्या पायाचं बोट काळं पडलं. मी फोनवर रडत होते. तू म्हणालीस, "ताई, बूट कुलपात ठेव, म्हणजे जाणार नाही." मी ठेवले. माझ्या नवऱ्याने, नेस्टरने, वारण्याआधी दाराला वर उंच कडी बसवून दिली होती, आईचा हात पोचू नये म्हणून. जानेवारीत तू मुलाला घेऊन आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळाला आलीस. त्या शनिवारी तूच मला ढकललंस, "जा ताई, दोन महिने घराबाहेर पडली नाहीस. मी आहे ना." ओठ रंगवायला लालीसुद्धा तुझीच होती. मी मागच्या दाराने निघाले. पायरीवर रुमाल बांधत उभी राहिले, आणि तू आतून कडी घातल्याचा आवाज ऐकून मगच खाली उतरले. तो आवाज मला अजून येतो.

हसले मी, हो. सिनेमा विनोदी होता. हसतच होते तेव्हा वॉल्टर बॅटरी घेऊन रांगेत आला आणि कानाशी म्हणाला, "स्टेफा, कोट घाल."

तिला घरी आणलं, पण उशीर झाला होता. तू स्वयंपाकघरात जमिनीवर आईचे पाय मांडीवर घेऊन बसली होतीस. तू म्हणालीस, "सिगरेट ओढायला दार उघडलं गं. आत आले आणि टीव्हीपुढे डोळा लागला." मग माझा हात धरलास. "ताई, ग्रेगच्या वकिलाला एवढंच पुरेसं आहे. ते माझ्याकडून एड्रियनला नेतील." कोर्टात तुमचा घटस्फोटाचा तंटा चालू होता, महिन्याभराने निकाल होता. पोलिस दारात बूट झटकत होता. मी गेले आणि त्याला सांगितलं की बाहेर पडताना कडी लागली की नाही ते मी पाहिलंच नाही. चूक माझी. तेच फादरना सांगितलं. तेच दुसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या पोराला सांगितलं. तो जिन्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे जे पाहिलं, तेच त्याने आता सिनेमात दाखवलंय. म्हणून म्हणते, नजर आहे त्याला.

मुलगा तुझ्याकडे राहिला. मला त्याचा आनंदच होता, आजही आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो ते रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन माझ्याकडे आठ दिवस राहिला. मी त्याला रोज बटाटा भरलेल्या पिरोही तळून घातल्या. एका दुपारी यंत्र लावून त्याने विचारलं, "मावशी, कडी कुणी उघडी ठेवली?" मी पिठाचे हात पुसत म्हटलं, "मी." विचारच केला नाही. इतकी सवय झालीय. वाटलं, घरी गेल्यावर तो तुलाही विचारेल. आता तो मोठा आहे, कोर्ट नाही, ग्रेग मरून नऊ वर्षं झाली. आता लेस्या सांगेल.

आणि तू त्याला खरं सांगितलंस. त्याने तसं छापलंय.

लेस्या, मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. बघ, वर डाग दिसतोय.

तुला बहुतेक माहीत असेल, ८ मार्चला शनिवारी तो सिनेमा पुन्हा लावतायत. लांबून लांबून लोक येणार आहेत. एड्रियन शुक्रवारी येतोय आणि माझ्याकडेच उतरणार आहे. त्याने फोनवर विचारलं, "चालेल ना मावशी? तू रागावली नाहीस ना?" आवाज लहानपणीचाच वाटला. मी म्हटलं, "वरची खोली तयार आहे." सिनेमानंतर तो मंचावर बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार आहे. थिएटरच्या समितीला वाटतंय की मीही शेजारी बसावं. वॉल्टर म्हणाला, "नाही म्हण त्यांना. नाहीतर मी लाह्यांचं मशीन पेटवून देतो." मी अजून नाही म्हटलेलं नाही.

तेव्हा तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. मला माफी लिहू नकोस, ती मी काय करू? जे लिहायचं ते एड्रियनला लिही, नाहीतर समोर बसवून सांग. त्याला राग येईल, चार महिने बोलणार नाही, मग मूल होईल आणि बोलेल. मला फक्त कळव की सांगितलंस.

नाही सांगितलंस तर घाबरू नकोस. माझ्या तोंडून त्याला काही कळणार नाही. शुक्रवारी मी पिरोही तळीन, आईची गोधडी त्याच्या अंगावर घालीन. शनिवारी लाली लावून मंचावर बसेन, आणि कुणी कडीचं विचारलं तर पुन्हा "मी" म्हणेन. वहीतली पहिली ओळ तशीच कोरी ठेवीन. फक्त त्यानंतर मी तुला पत्र लिहिणार नाही, लेस्या. कितीही सिनेमे पाहिले तरी नाही.

तुझ्याकडून इकडे पत्र यायला सहा दिवस लागतात. गुडघ्याची काळजी घे, आणि लवकर लिही.

कडी लागल्याचा आवाज ऐकूनच पायरी उतरलेली,
तुझी ताई,
स्टेफा