चालत जाता येईल असं घर

इंदिरानगर, नाशिक
२० जून १९९७

ती. आईंस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

शाळा सुरू झाली, पण तुमची नात घरीच आहे. ह्यांच्या अपघाताच्या वेळी शुभांगी स्कूटरवर मागे बसली होती. तिचं कोपर तेवढं खरचटलं, पण तेव्हापासून ती कुठल्याच गाडीत बसत नाही. काल रिक्षा दारात आणली तर उंबऱ्याला धरून बसली. एकेक बोट करून हात सोडवावा लागला. मग मीच रिक्षा परत पाठवली.

इथून शाळा लांब. म्हणून गावात, शाळेला आणि मी काम करते त्या मेन रोडवरच्या कापडदुकानाला पायी जाता येईल असं भाड्याचं घर शोधते आहे. घरं आवडतात, पण घरात पुरुष कोण, हे विचारतात. हे गेले असं सांगितलं की पुढचं बोलणंच थांबतं. एक बाई तर माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, की आम्ही कुटुंबालाच देतो. शुभांगी शेजारी उभी होती. जिन्यात तिनं विचारलं, की आपण कुटुंब नाही का.

तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो राहू द्या.
आपली
मोहिनी

इगतपुरी
२७ जून १९९७

चि. मोहिनी हिस वत्सलाबाईचे अनेक आशीर्वाद.

हात सवयीने 'सौ.' लिहायला गेला. लोक आता तुला गं. भा. लिहितील. मी नाही लिहिणार. लेकीला नुसतं 'चि.' लिहितात, ते तुला पुरे.

पोरीला ओढून गाडीत घालू नकोस. तिचा बाप मनोज लहानपणी विहिरीला भ्यायचा, त्याच्या वडलांनी ढकललं, तर तो जन्मभर पोहायला शिकला नाही.

तू इकडे ये म्हणणार होते, पण इथे तुला काम कुठलं आणि पोर गाडीत बसून येणार कशी. तेव्हा मीच येते. घरवाल्यांशी बोलायला म्हातारं माणूस लागतं. माझ्या हातचं वरण तुला आळणी लागतं हे ठाऊक आहे. चार दिवस गोड मानून घे.

पोरीचा पापा घे.
तुझी सासू
वत्सलाबाई

तिवंधा, नाशिक
३ ऑगस्ट १९९७

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

घर लागलं. शुभांगी रोज चालत शाळेत जाते. वाटेत पिठाची गिरणी, फुलवाली, दवाखाना, सगळं ओळखीचं झालं. फुलवाली तिला हाक मारते. परवा शुभांगी हसलीसुद्धा.

तुम्ही घरमालकीण सुमनबाईंसमोर बसून सांगितलंत, की मी इथे राहणार, घरात मोठं माणूस मी. त्या अजून विचारतात, सासूबाई कधी येतात? मला वाटलं होतं, तुम्ही घर मिळावं म्हणून तसं बोललात. पण जाताना शुभांगीला सांगून गेलात, की भाताची सोंगणी झाली की येते. ती खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवते, मला शिवणयंत्रही ठेवू देत नाही.

खरंच या. वाट बघतो आहोत.
आपली
मोहिनी

इगतपुरी
९ ऑक्टोबर १९९७

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

मी सांगते आणि तुझा दीर धनराज लिहितो आहे. छातीत दुखलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आता माझं येणं व्हायचं नाही, हे धनराज लिहायला तयार नव्हता, मीच लिहायला लावलं.

तू एकदा येऊन जा. शुभांगीला बघावं असं फार वाटतं. पण ती गाडीत बसणार नाही, आणि तिला जबरदस्तीनं आणलंस तर मला बरं वाटणार नाही. तिला म्हणावं, आजी रागावली नाही.

तुम्हा दोघींवर जीव आहे.
वत्सलाबाई

तिवंधा, नाशिक
२ नोव्हेंबर १९९७

चि. धनराजभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

आईंचे दिवस करून परतले. इथे आल्यावर सुमनबाईंकडून जे कळलं, ते लिहिते.

आईंना भेटायला निघाले तेव्हा शुभांगीला खूप विनवलं. रिक्षापर्यंत आली, एक पाय आत ठेवला आणि तसाच मागे घेतला. तिला सुमनबाईंकडे ठेवून मी एकटी आले. दुसऱ्या दिवशी, तिकडे आई गेल्या त्याच सकाळी, ती पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर पडली. एक दूधवाला तिला मुंबईच्या रस्त्यावर, पाथर्डी फाट्याच्याही पुढे भेटला. कुठे चाललीस विचारलं, तर म्हणाली, इगतपुरीला, आजीकडे. सायकलवर बस म्हटलं तर बसेना. तो भला माणूस सायकल हातात धरून तिच्यासोबत घरापर्यंत चालत आला.

तिच्या टाचा फुटल्या होत्या. सुमनबाईंनी कोमट पाण्यात पाय ठेवून शेकले. घर सोडा म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तो विषयच काढला नाही. मी परत येईपर्यंत रोज रात्री पोरीला स्वतःजवळ घेऊन झोपल्या.

आल्यावर मी तिला आजी गेल्याचं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की दूधवाल्यानं अडवलं नसतं तर मी किती दिवसांनी पोहोचले असते, आणि आजी तेवढं थांबली असती का.

मी हो म्हटलं. भाऊजी, तुम्हाला विचारलं तर तुम्हीही हो म्हणा.

तब्येत जपा, आणि आम्हाला परकं करू नका.
तुमची वहिनी
मोहिनी