शिपायाचा हात

७ फेब्रुवारी १९८४, मंगळवार

सगळं चुकलंय. रक्ताचा कर्करोग मुलांना समजावा म्हणून हलत्या चित्रांचा छोटा चित्रपट केला. रक्तातल्या चांगल्या पेशी म्हणजे भाला उगारलेले शिपाई आणि आजार म्हणजे राक्षस. पुठ्ठ्याचे शिपाई मीच कापले, तसूतसूने सरकवत एकेक चित्र टिपलं. मध्येच हलू नये म्हणून भाल्याचा हात डिंकाने पक्का चिकटवला.

आज त्यातला एक शिपाई वॉर्डात मंजूला दाखवायला नेला. ती कळवणची, सात वर्षांची, तिला हाच आजार. गोष्ट ऐकून म्हणाली, "ताई, मग माझे शिपाई लय भित्रे हायेत का?"

"नाय गं बाय, असं नाय," तिची आई घाईने म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी शिपाई मंजूच्या हातात दिला. घरातली पहिली पदवीधर मी, आणि असली गोष्ट रचली!

मंजूचं लक्ष त्या हातावरच. "ह्याचा हात दुखत नाय का?" तो खाली करायला गेली, तर फाटून तिच्या बोटांत आला.

"रागावली का, ताई?"

मी कशी रागावू? तिने शिपायाला उशीवर निजवलं, अंगावर चादर ओढली. "भित्रा नाय हा. दमलाय."

शनिवारी तिच्याच वॉर्डात चित्रपट दाखवायचाय. डॉक्टर खूश आहेत. पुन्हा चित्रित करायला रीळ नाही, वेळही नाही. चित्रपटात शेवटपर्यंत सगळ्यांचे हात वर. दमलेला एकही नाही.

आणि मंजू त्यालाच शोधत बसेल.