दहा सेकंदांची काळी पाटी

सोमवार, ४ मार्च

माझ्या पासवर्डला आज एका यंत्राने 'दुर्बळ' ठरवलं. ही गोष्ट मी मुकाट्याने सोडणार नाही. संस्कृत घेऊन दोन पदव्या पदरात पाडलेल्या माणसाने विचारपूर्वक निवडलेला सामासिक शब्द, उच्चारताना छाती भरून यावी असा — आणि खाली लाल पट्टी: दुर्बळ. शेवटी त्या भरदार समासाच्या शेपटीला एक आकडा आणि एक चांदणी डकवली, तेव्हा स्वारी प्रसन्न झाली. अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात तो कुठून सुरू होतो, याची नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.

तर, लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. जुनी काढली नाही. एका देहात दोन जीवात्मे. चालू करताना ज्याला हाक मारू तो जागा होईल, अशी योजना. कारण असं की प्रकाशकाकडचा अक्षरं जुळवणारा जुळारी ज्या फाइली पाठवतो त्या जुनीत उघडल्या की जोडाक्षरांचे तुकडे पडतात. नवीत पडत नाहीत, असं तो शपथेवर सांगतो. आम्ही नवराबायको ज्या कोशाची मुद्रितं तपासतो तो महिनाअखेर छापायला जायचा आहे आणि आमच्या दोघांची पोटं त्याच्यावर आहेत. प्रकाशकाने परवा सहज म्हटलं, "दुसरी एक जोडी आहे हो, बरं वाचतात." असलं सहज बोलणं मला सहज वाटत नाही.

नवी सिस्टिम 'बसली' असं यंत्र म्हणालं. बंद करून चालू केलं, तर सरळ जुनी हजर. नवीचं नाव नाही, गाव नाही.

ही स्वयंपाकघरातून: "आला का तुमचा नवा पाहुणा?"
म्हटलं, "आलाय म्हणे. दिसत नाही."
"मग माझ्याच बाजूने आहे तो," ही म्हणाली.

मंगळवार, ५ मार्च

कोपऱ्यावरच्या लॅपटॉपदुरुस्तीवाल्याला फोन केला. मी त्याला यंत्रवैद्य म्हणतो, त्याला आवडतं. म्हणाला, "साहेब, चालू करताना दोन नंबरची कळ दाबून धरा. निळं पान येईल. त्यात कोणी आधी उठायचं याचा क्रम असतो."

होता. जुनी वर, नवी तळाला, अंगाचं मुटकुळं करून. नवीला वर चढवलं. आता चालू केलं की काळी पाटी येते, तिच्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत काही ओळी, कोपऱ्यात दहापासून उलटे आकडे. दहा सेकंदांत निवडायचं; नाही निवडलं तर नवी उठते. कामगिरी फत्ते.

हिला कौतुकाने दाखवलं. "छान," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. पाटीकडे धड बघितलंही नाही.

गुरुवार, ७ मार्च

आमची वाचायची पद्धत लग्नाइतकीच जुनी. ही मूळ प्रत मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट — "स्वल्पविराम, अवतरण उघडा, अवतरण मिटा, पूर्णविराम" — आणि मी कागदावरचं मुद्रित तपासतो. पूर्वी प्रत कागदावर असायची, आता लॅपटॉपवर. शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे कुठलंसं पारायण चालतं.

आज नवीवर पहिलं वाचन. ही अडखळत होती. मध्येच एक अख्खी टीप गेली.
"टीप राहिली," मी म्हटलं.
"पाहुण्याने गिळली असेल."
थोड्या वेळाने आणखी एक ओळ. मग म्हणाली, डोकं दुखतंय, उद्या वाचू.

नव्या सिस्टिमच्या अक्षरवळणात, म्हणजे फाँटात, दोष असावा. जुळाऱ्याशी बोललं पाहिजे.

शुक्रवार, ८ मार्च

जुळारी म्हणतो अक्षरवळण ठणठणीत आहे. "इकडे सगळ्यांना नीट दिसतंय, काका." काका! माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान असेल.

रविवार, १० मार्च

प्रकाशकाकडे काल मुद्रितं पोचवून आलो. आज लॅपटॉप चालू केला — काळी पाटी गायब. सरळ जुनी.

नेटवर शोधाशोध केली. लोक लिहितात, जुनी सिस्टिम अपडेटच्या निमित्ताने गुपचूप पहिल्या नंबरावर जाऊन बसते. खुर्ची सोडवत नाही तिला. पण जुनीच्या अपडेटची नोंद बघितली तर शेवटचं अपडेट नवी बसवण्याच्या आधीचं. म्हणजे ती निर्दोष. निदान या आरोपातून.

मग निळ्या पानावर गेलं कोण?

सोमवार, ११ मार्च

क्रम पुन्हा लावला. हिला विचारलं, "तू काही दाबलंस का?"
"मी तुमच्या यंत्राला वाचायला बसते, दाबायला नाही."
उत्तर जरा जास्तच तयार होतं.

बुधवार, १३ मार्च

पुन्हा गायब. सकाळी मी वाण्याकडे आणि टपाल कचेरीत होतो, तेवढ्यात.

एक गोष्ट लक्षात आली. चार्जरची वायर. मी ती कशीही कोंबतो, ही नीट घडी घालते. आज ती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळलेली होती आणि वर हिरवं रबर. अशी वायर मी एकाच ठिकाणी पाहिली आहे — यंत्रवैद्याच्या टेबलावर, ओळीने टांगलेली.

तर्कशास्त्रात धूर दिसला की अग्नी मानतात. मी रबर पाहिलं.

शुक्रवार, १५ मार्च

वैद्याकडे गेलो. भिंगाचा दिवा लावून कुणाच्या तरी लॅपटॉपच्या पोटात नाक खुपसून बसला होता. वर न बघताच, "या साहेब. पाटी गेली का?"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"
"नाही म्हणजे... आपलं... दोन सिस्टिम असल्या की जातेच."
"आपोआप?"
"आपोआपही जाते."
"'ही' कशाला लागला? नुसतं 'आपोआप जाते' म्हण ना."
तो हसला. स्क्रू शोधू लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता.
मी निघताना म्हणाला, "ताई बऱ्या आहेत ना?"

मी ताईंचा विषय काढला नव्हता. हे दोघे मिळून काहीतरी करताहेत. दुरुस्तीवाल्याला दुरुस्ती हवी, हे समजतं. पण हिला काय हवंय?

शनिवार, १६ मार्च

सकाळी क्रम पुन्हा लावला आणि मुद्दाम वर्तमानपत्र घेऊन पडवीत बसलो. खिडकीतून दिसलं: हिने लॅपटॉप चालू केला, पाटी आली आणि हिने मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. मग मोबाइलमध्ये बोटं फिरवत बसली. कुणाला पाठवत होती? प्रकाशकाला? त्या 'बरं वाचणाऱ्या' जोडीला?

आणखी एक. हल्ली ही माझ्याकडे सरळ बघत नाही. बोलताना मान जराशी वळवून, तिरपं बघते, संशयित माणसाकडे बघावं तसं. जेवताना आज म्हटलं, "असं काय बघतेस? मी काय चोरी केली?"
"कसं बघते?"
"तिरपं."
"तुम्हाला सगळंच तिरपं दिसतं हल्ली," म्हणाली. पण वाढता वाढता कोशिंबीर ताटाबाहेर पडली.

माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. एवढंच, की हिला माझ्याबरोबर वाचायचा कंटाळा आला असावा. ती लोकांना सांगायला लागली असेल — ह्यांच्याने नवं यंत्र झेपत नाही, काम रेंगाळतंय. तसं असेल तर तोंडावर सांगावं. इतक्या वर्षांचं 'अवतरण उघडा' आहे, त्याला एक 'अवतरण मिटा' तरी असावं.

रविवार, १७ मार्च

सापळा लावला. हा शब्द लिहिताना लाज वाटत नाहीये, म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय बघा.

निळ्या पानाला कुलूप घातलं — तोच समास, आकडा आणि चांदणी. आता वैद्यालाही क्रम बदलता येणार नाही. आणि काळ्या पाटीवरचे दहा आकडे काढून टाकले. ती आता आपणहून पुढे जाणार नाही. कुणीतरी ओळ निवडेपर्यंत तशीच उभी राहील. जो कुणी बसेल त्याला तिच्यासमोर बसून राहावं लागेल.

हिला सांगितलं, उद्या प्रकाशकाकडे जाऊन येतो, जेवायला थांबू नकोस. खोटं सांगितलं.

सोमवार, १८ मार्च

कोपऱ्यापर्यंत गेलो, वैद्याच्या दुकानासमोरून गेलो, परत आलो. चपला बाहेरच काढल्या आणि आत शिरलो.

ही टेबलाशी होती. पाटी तशीच उभी. हिने मोबाइलने तिचा फोटो काढला, मग दोन बोटांनी तो ताणला, आणखी ताणला, एकेक अक्षर अंगठ्याएवढं झालं. मग मोबाइल डोळ्यांसमोर धरला नाही — कानाजवळ, बाजूला धरला आणि मान वळवून कोपऱ्यातून त्याच्याकडे बघायला लागली. तिरपं. अक्षर सरकवत होती आणि ओठ हलत होते. पहिली ओळ. दुसरी ओळ. मग बोट की-बोर्डवर फिरवत खालची बाणाची कळ शोधली, दाबली, पडद्याचा पुन्हा फोटो घेतला, पुन्हा ताणला. नेमकी कुठली ओळ उजळली आहे ते बघायला.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. शेवटी खाकरलो.

ती दचकली नाही. मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही आकडे काढून टाकलेत ना? बरं केलंत. दहा आकड्यांत मला कुठली ओळ कुठे आहे तेच कळायचं नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीपासून. मधोमध धुरकटतं. कडेने दिसतं. जुन्या बाजूला मी वाचायला बसले की अक्षरं मोठी करायची, एका पडद्यावर चार शब्द मावतील एवढी, आणि उठताना पुन्हा लहान. तुम्ही समोर बसता, तुम्हाला पडद्याची पाठ दिसते." मग जरा हसून: "तुमचा पाहुणा आला, त्याची अक्षरं मला मोठी करता येईनात आणि माझं बिंग फुटायला लागलं. म्हणून जुनी वर आणायला दोनदा लॅपटॉप दुकानात घेऊन गेले. त्या बिचाऱ्याला मी शपथ घातली होती, साहेबांना बोलू नकोस म्हणून."

"पण मला का नाही सांगितलंस?"

तिने मोबाइल उपडा केला. मग म्हणाली, "तुम्ही दुसरा वाचक शोधला असता."

मी हसलो. वाटलं तीही हसेल. हसली नाही.

मंगळवार, १९ मार्च

वैद्याकडे गेलो. काही बोलावं असं मनात होतं. तो आधीच म्हणाला, "साहेब, ताईंनी शपथ घातली होती हो."
म्हटलं, "तू पाळलीस. वाईट पाळलीस, पण पाळलीस."
त्याने पाटीवरची अक्षरं कशी मोठी करायची ते दाखवलं. घरी येऊन केली. जुनी सिस्टिम पुन्हा पहिल्या नंबरावर बसवली. निळ्या पानाचं कुलूप काढलं.

बुधवार, २० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाई आहेत, तरुण, तुटक बोलणाऱ्या. हिच्या समोर एक चौकटींचा कागद धरला, मध्ये ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं.
ही म्हणाली, "ठिपका कुठाय?"
"रेघा दिसतात?"
"दिसतात. मधे वाकल्यात, कुणी बोट घालून ढवळल्यासारख्या."
मी शेजारून बघत होतो. रेघा सरळ होत्या. एकूण एक.

डॉक्टर म्हणाल्या, मधलं गेलंय ते येणार नाही. उरलंय ते राखायचा प्रयत्न करू. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. हिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

येताना रस्त्यात हिने माझा दंड धरला. आम्ही तसं चालत नाही कधी. म्हणाली, "पायऱ्या आल्या की सांगा, स्वल्पविराम म्हणून."

प्रकाशकाला फोन केला, मुदत मागितली. कारणही सांगितलं, हिने सांगा म्हटलं होतं. तो म्हणाला, "बघतो." दुसऱ्या जोडीचं नाव काढलं नाही. काढेल.

गुरुवार, २१ मार्च

जुनीत बसून एक पान वाचलं. चार शब्द, मग पडदा सरकवायचा, मग चार शब्द. फुटकी जोडाक्षरं हिने मनाने सांधली. हिचे डोळे धड होते तेव्हा याच्या आठपट वाचायचो. पण टीप एकही गेली नाही.

शुक्रवार, २२ मार्च

दुपारी मी टेबलाशी काही न करता बसलो होतो. ही आत आली, उंबऱ्यावर थांबली, माझ्याकडे तोंड केलं. खिडकी उघडी होती, उजेड भरपूर होता. म्हणाली, "अहो, काहीतरी बोला ना."

मी म्हटलं, "काय बोलू?" तेव्हा तिचा चेहरा निवळला आणि ती नीट माझ्या रोखाने चालत आली.

माझा चेहरा तिला दिसतो का, हे मी विचारलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. पुस्तकाचं काय होईल याची काळजी मी बोलून दाखवतो, कारण ती बोलून दाखवता येते. मला भीती वाटते ती त्या न विचारलेल्या प्रश्नाची.