दार लावून सांगितलेलं पत्र

चि. धाकटीला थोरलीचे भरपूर आशीर्वाद. तुझे गुडघे कुरकुरत का होईना, चालत असतील असं धरून पुढे सांगते. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, म्हणून पत्र. मी खोलीत दार लावून सांगतेय आणि नातसून दाराबाहेर खुर्ची टाकून लिहितेय. भांडण नाही झालेलं. मला आज सकाळी दवाखान्यात टोचलेल्या औषधातून किरणं निघतात आणि तिला आठवा महिना, तेव्हा संध्याकाळपर्यंत तिने माझ्याजवळ फिरकायचं नाही असा हुकूम आहे. (त्यामुळे मी ओरडून सांगतेय, आणि हे पत्र तुझ्याआधी शेजाऱ्यांना पोचतंय.)

छातीतली गाठ काढली होती ना, तिची पिल्लं हाडांत निघालीत. ती हार्मोनवर पोसली जातात की नाही, एवढंच बघायचंय. जात असतील तर रोजच्या गोळीवर भागेल. नसतील तर ती सलाईनमधली जहाल औषधं. (केस जातात म्हणे त्यांनी. मला उरलेत किती, ते तुला ठाऊक आहे.)

हे बघायचं औषध बनवते माझी नात, जिने लहानपणी दूध कधी उतू न घालवता तापवलं नाही, तीच. आता ती शिशाच्या भिंतीमागे उभी राहून, जाड काचेतून बघत, लोखंडी हातांनी काम करते. यंत्रातून किरणं सोडणारं फ्लोरिन काढायचं आणि हार्मोनसारख्या दिसणाऱ्या पदार्थाला चिकटवायचं. म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हाती कंदील देऊन पाठवल्यासारखं. जी गाठ हार्मोनला दार उघडते ती यालाही उघडते, आणि फोटोत तिथे उजेड दिसतो. उघडलं नाही तर अंधार. मला उजेड हवाय.

सकाळी औषधाची वाट बघत बसून बसून दवाखान्यातल्या बाकाला माझा आकार आला. नातीचा पहिला घाणा तपासणीत नापास झाला आणि तिने तो टाकून दिला. मी फोनवर म्हटलं, जरा इकडेतिकडे असेल तर चालवून घे गं, आजीच तर आहे. म्हणाली, "आजी आहेस म्हणूनच नाही चालणार." मग दुसरा केला. आलं ते थेंबभर औषध, शिशाच्या भांड्यात, दोन माणसांच्या पहाऱ्यात. मला सासरी पाठवताना एवढी राखण नव्हती.

आणि घाई केवढी! दोन तासांच्या आत ते निम्मं होतं, मग निम्म्याचं निम्मं. नात हे समजावत होती आणि मला आपला बर्फ आठवला. बाबांना ताप चढलेला, आईने आपल्याला बर्फाच्या कारखान्यात पिटाळलेलं. भुशात घोळवलेली लादी गोणपाटात, एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. वाटेत घोड्याला नाल ठोकत होते, तिथे तू थांबलीस ती थांबलीसच. मी ओढतेय आणि तू म्हणतेयस, "एकच पाय राहिलाय, ताई." त्या पायापायी माझा फ्रॉक ओलाचिंब. घरी पोचलो तेव्हा सुपारीएवढा खडा उरला होता. आईचा हात वर गेला, पण बाबांनी खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, मला एवढाच हवा होता. अजून एखाद्या दुपारी मला त्या ओल्या गोणपाटाचा वास येतो. कुणाला सांगू? तो वास माहीत असलेलं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

असो. मी मजेत आहे. घाबरण्यासारखं काही नाही, तू यायची तसदी घेऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. संध्याकाळ झाली, दार उघडलं, आता हळू सांगता येतंय. वरचा शेवट शेजाऱ्यांसाठी होता. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी आहे. नात म्हणते मी येते सोबत, पण तिच्यासमोर मला शूर राहावं लागतं आणि त्यात फार दमायला होतं. तुझ्यासमोर ते नाटक कधी जमलंच नाही. उजेड असो की अंधार, एक टोक तू धर.

आणखी एक ता. क. बुधवारीच ये. आणि वाटेत घोडा दिसला तर थांबू नकोस.