झबल्यात सोडलेलं कापड

बाबा, आज दुपारी ताई लेकरू घेऊन अकोल्याला गेली. आता घरात मी आहे आणि तुमची शिलाई मशीन आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी आपण कुठे फार बोलायचो? तुमच्या तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मी उत्तरं तुम्ही मानेनेच द्यायचात. पण आज हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ज्याला सांगता येईल असा जिवंत माणूस आठवायला बसलो तर एकही आठवला नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. ते लेकरू ताईचं नाही. माझं आहे. माझ्या पोटातून आलं आहे.

तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, एवढंच एक सुख आहे. चांदूर बाजारच्या दुकानात मी तुमच्यासमोर उभा राहून म्हणालो होतो, "बाबा, मले पोरगी म्हनत नोका जाऊ, मी पोरगी नाई." तेव्हा तुम्ही हातातलं गिऱ्हाइकाचं पोलकं बाजूला ठेवलंत, गळ्यातली टेप काढलीत आणि म्हणालात, "सरका उभा राय." सरळ उभी राहा नाही, सरळ उभा राहा. सरकी नाही, सरका. माझ्या खांद्याचं माप घेतलंत, छातीचं घेताना मान दुसरीकडे वळवलीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शर्ट तयार होता, निळ्या चौकड्यांचा, काज पुरुषांच्या शर्टाला असतात तसे डाव्या पट्टीला. सोबत दुहेरी मांजरपाटाची एक घट्ट बंडी, आतून घालायला, छाती दिसू नये म्हणून. मग वर्षभरात चालतं दुकान बंद करून आपण अमरावतीला आलो आणि नव्या घरमालकाला तुम्ही सांगितलंत, "एक पोरगी, एक पोरगा." आई त्याआधीच गेली होती. ताईने त्या दिवशी स्वयंपाकघरात शिरा केला होता, आणि आपण तिघांनी तो कढई पुसून संपवला.

तुमचा राग मात्र मला शर्टाच्याही आधीपासून ठाऊक आहे. मी शिवण शिकत होतो, तुम्ही अजून मला पोरीला म्हणतात तसं "काहून वं" म्हणायचात, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक कपड्याच्या बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं आत सोडायचं, म्हणजे माणूस भरला की उसवून सैल करता येतं, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवलंत. आणि ज्याने शिवलं त्याच्याचकडे गिऱ्हाईक उसवायला येतं, हेही. मी शहाणपणा करून एका बाळंतिणीने शिवायला टाकलेल्या झबल्यात चांगलं रुंद कापड आत सोडलं. तुम्ही ते हातात घेतलंत, उलटं केलंत आणि भिरकावून दिलंत. "काहून वं, एवढं कोणासाठी कोंबलं? लग्नापर्यंत घालनार हाये का ते लेकरू हे झबलं? आतलं कापड त्याच्या अंगाले टोचते. झबलं लहान झालं का दुसऱ्या लेकराले देऊन टाकतेत. ते उसवाले कोनी येत नाई." सगळ्या दुकानासमोर बोललात. मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही.

तुमच्यामुळे हातात कात्री आली आणि कात्रीमुळे नोकरी. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात मी कटिंगला आहे. तिथेच एक जण भेटला. त्याला माझं सगळं माहीत होतं, बंडीसुद्धा. त्याचं नाव आता घेऊन काय करायचं? तेव्हा डॉक्टरांनी माझी दाढी-आवाजासाठीची, हार्मोनची इंजेक्शनं थांबवली होती, रक्त घट्ट होतंय म्हणून. इंजेक्शनं थांबली की पाळी परत येणार याची मला धास्ती होती. ती आली नाही म्हणून मी मूर्खासारखा खुशीत फिरत होतो. का आली नाही ते कळलं तेव्हा मी आधी हादरलो. मग, बाबा, मला आनंद झाला. लाज वाटेल असा आनंद. आरशासमोर उभा राहून मी "बाबा" असं मोठ्याने म्हणून पाहिलं. त्यालाही सांगितलं. तो माझा हात धरून बसला.

त्यानंतर काहीच दिवसांत कँटीनमध्ये जेवताना कोणाच्या तरी मोबाइलवर तो व्हिडिओ आला. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला माणूस, दाढी, शर्टाची खालची बटणं उघडी आणि भरलेलं पोट. त्यावर हात ठेवून हसत उभा. "अबे पाय ना, मानूस बाळंत होऊन राहिला!" मोबाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. एक जण म्हणाला, "दूध बी पाजन का बे हा?" एक जण पोटावर डबा धरून चालून दाखवू लागला. मी पोळीचे तुकडे करत होतो. सगळ्यांत मोठ्याने हसण्याचा आवाज त्याचा होता, माझ्या त्याचा. माझ्याकडे न बघता हसत होता. तरीही हसण्याने मी मोडलो नाही. पॅकिंगला एक वयस्कर मावशी आहेत, स्वभावाने अगदी गरीब. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्याचं त्याच्यापाशी, पन त्या लेकराचं काय गा? कोनी जगू देईन का त्याले?" त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. मोबाइल दाखवणारा म्हणाला, "मावशी, लेकरू काढूनच घ्याले पायजे असल्यापासून." आणि मावशींनी होकाराची मान हलवली.

घरी येऊन मी त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसलो. शिव्या होत्या, देवाधर्माचे शाप होते, लेकरू पोटातच जावं अशी प्रार्थना होती, आणि त्यापुढे हात जोडल्याची चित्रं होती. मराठीत लिहिणारे आपलेच लोक होते. एखाद्याने बरं लिहिलेलं सापडतं का म्हणून मी खाली खाली जात राहिलो. सापडलं, नाही असं नाही, पण त्याच्याखाली पुन्हा तेच. महिन्याभरात माझा तो सुरतेला निघून गेला. मला त्याला शिव्या देता येत नाहीत. भीती काय असते ते मलाही माहीत आहे.

मग मी ताईला फोन केला. ती आली, रडली, मला दोन थोबाडीत दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत दवाखान्यात आली. बाळंतपणाच्या विभागाच्या दारात चौकीदाराने मला हाताने अडवलं. "भाऊ, मानसाइनं इथंच थांबाचं. ताई, तुमी या, अठी बसा खुर्चीवर. कितवा सुरू हाये?" बाबा, तुम्हाला माहीत आहे, ताईच्या लग्नाला किती वर्षं झाली आणि मूल नाही म्हणून अकोल्याच्या घरात तिने काय काय ऐकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई खुर्चीवर बसली. एक हात सहज पोटावर ठेवला आणि म्हणाली, "पाचवा." चौकीदार म्हणाला, "जपून राहा मंग." ती त्याच्याकडे पाहून हसली. तिचं तसं हसू मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही आत गेलोच नाही.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली. "मले दे."

"काय?"

"तुले समजलं. मी यायच्याशी, तुह्या भाऊजीशी, बोलली फोनवर. ते तयार हायेत. सासूले काईच सांगाचं नाई. लेकराले माय भेटन, बाप भेटन, नाव भेटन. तू मामा राहशीन. मामा काय परका असते?"

"मी बाप हाओ त्याचा, ताई."

"कोनाले सांगशीन हे?" आता ती वळली. हाताला पीठ होतं. "एक मानूस दाखव मले. एक. ज्याच्यासमोर हे लेकरू घेऊन तू उभा राहशीन अन् म्हनशीन का माह्यं हाये, अन् तो हासनार नाई." मी विचार केला. खरंच केला. शेवटी तुमचं नाव घेतलं. तिचे डोळे भरले. "बाबा नाईत आता," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही, पण काम म्हणून पाहिलंत तर त्यात खोट काढता येणार नाही. मी ताईचं पोट शिवलं. तुमच्याच मशीनवर, मांजरपाटाचं, आत आपल्याकडचा कापूस. माझ्या पोटाचं माप घ्यायचो आणि तिचं तेवढं करायचो. ती अकोल्याहून यायची तेव्हा आम्ही जुनं उसवून कापूस वाढवायचो. सासूने तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू ती डब्यात घालून माझ्यासाठी आणायची आणि समोर बसून खायला लावायची. माझ्यासाठी मी तुमच्या हातचे जुने शर्ट काढले, बाजूच्या शिवणी उसवल्या, तुम्ही सोडलेली दोन बोटं मोकळी केली आणि ते मला पुरले. कारखान्यात म्हणायचे, "लगन नाई झालं अन् पोट सुटलं, भाऊ? बिअर कमी कर." मी हसायचो.

सातव्या महिन्यात अकोल्याला ताईची ओटी भरली. मी भाऊ, साडी-चोळी घेऊन गेलो. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या, गव्हाने आणि नारळाने तिची ओटी भरत होत्या, आणि मी दाराशी पेढ्यांचं ताट धरून उभा होतो. गाणं सुरू झालं तसं लेकरू आत हललं. इतकं जोरात की ताट कलंडलं. ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. जमलेल्या पन्नास बायकांत तिला एकटीलाच कळलं. तिची सासू मला म्हणाली, "बाबू, पयलं बाळंतपन मायेरी असते. माय नाई तिची, पन तू हायेस. करशीन ना सगळं?" मी म्हणालो, करतो.

आणि केलं, बाबा. कारखान्यात बहिणीच्या बाळंतपणाची सुट्टी मागितली आणि त्यांनी कौतुकाने दिली. दुसऱ्या, लहानशा दवाखान्यात मी ताईच्या नावाने गेलो. दाढी घोटून काढली, तिचा गाऊन घातला, हातात तिच्या हिरव्या बांगड्या. भाऊजी नवरा म्हणून बाहेर उभे, ताई तोंडाला ओढणी गुंडाळून बाकावर. नर्स मला ताईच्या नावाने हाका मारत होती, "जोर लाव वं माय, अजून लाव." ज्यातून मला सोडवायला तुम्ही अख्खं दुकान बंद केलंत, त्यात मी माझ्या पायांनी परत गेलो. मुलगी झाली. थोडा वेळ त्यांनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. तिने नखं असलेली इवलीशी बोटं माझ्या हनुवटीवर टेकवली. तिथे खुंट वर यायला लागले होते. मी हळूच म्हणालो, बाबा. नर्सला वाटलं मला तुमची आठवण आली.

दूध आलं. ते येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ताई पलीकडच्या खोलीत तिला बाटलीने पाजायची आणि ती रडली की इकडे माझा शर्ट ओला व्हायचा. एकदा ताईच म्हणाली, "पाज एखाद डाव." मी नाही म्हणालो. एकदा पाजलं असतं तर मी तिला दिलीच नसती. तुमची ती घट्ट बंडी ट्रंकेतून काढली आणि दूध आटेपर्यंत घातली. फार दुखलं. शिवण अजून कुठे सुटलेली नाही. ताईच्या सासूबाई न्यायला आल्या तेव्हा तिला रागावत होत्या, "दूध काहून नाई उतरलं वं तुले? काई खात नाई वाटते." मग लेकराला उजेडात धरून म्हणाल्या, "नाक पायलं का बाप्पा पोरीचं, मामाचंच उचलून आनलं." सगळे हसले. मीही हसलो. मला आता हे हसणं जन्मभर पुरवून वापरावं लागणार आहे.

ताईवर माझा राग नाही. ती तिला जिवापलीकडे जपेल. लोकांवर राग धरायला गेलो तर कोणाकोणावर धरू? त्या मावशी तर रोज माझ्यासाठी लोणचं आणतात. फक्त मला पुढे काही दिसत नाही. सोमवारी कारखाना सुरू होईल, पेढे द्यावे लागतील, मामा झालो म्हणून. दिवाळीत ती येईल तेव्हा मला ओळखणार नाही, आणि ओळखायला लागेल तेव्हा मामा म्हणेल. हे असं रोज असणार, आणि माझं वय काही फार झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुम्ही ते उलटं करून पाहिलं असतंच. मामाकडून झबलं द्यायचं असतं. लेकराचं पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं असावं म्हणून मी तुमचा तो निळ्या चौकड्यांचा शर्ट कापला. ते घालूनच ती आज गेली. त्याच्या दोन्ही शिवणींत मी चार-चार बोटं कापड आत सोडलंय. ते तिच्या अंगाला टोचेल, हे मला कळतं. झबलं उसवायला कोणी येत नाही, हेही तुम्ही सांगितलेलं आहे. तरी सोडलंय.