चव्वेचाळिसावी काउंटी

मी, एनिड टॉरगर्सन, वय ऐंशी, भूमितीची निवृत्त शिक्षिका, राहणार सेजफोर्ड, आयडाहो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्याकडून काही लिहवून घेणे किती अवघड आहे हे गावाला माहीत आहे, तेव्हा दडपणाचा प्रश्न येत नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, ट्रक आणि सर्व नकाशे माझी भाची टोव्ह हिला. नकाशांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत. छप्पर उत्तरेकडून गळते. पत्रे बदलावेत, डांबर फासून भागवू नये.

२. बँकेतली शिल्लक काउंटीच्या शोध-बचाव पथकाला. त्यांनी मला एकदाच शोधून काढले. तेव्हा मी हरवले नव्हते, जेवत होते. तरी माणसे चांगली आहेत.

३. पशुपालक डेलमर प्रुइट यांना माझी कुंपण ओलांडायची लाकडी शिडी. त्यांच्या कुरणातून डोंगराकडे जायच्या परवानगीचे पत्र स्वतःच देऊन एकोणीस वर्षे त्यांनी फाटकाला कुलूप ठेवले. आता त्यांचेही गुडघे गेले आहेत.

४. हे कलम नीट वाचावे. राज्यातल्या चव्वेचाळीसही काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सर्वोच्च बिंदूवर पोचलेली पहिली व्यक्ती म्हणून आमच्या गिर्यारोहण मंडळाने मला पितळी पाटी दिली. ते खरे नाही.

शेवटची काउंटी आमचीच. १२ सप्टेंबर १९८७ रोजी मी आणि जमीन मोजणारे ओरेन लिंडक्विस्ट वर गेलो. दोघांच्याही त्रेचाळीस झाल्या होत्या. तिथे पायवाट नाही. खाली ओरबाडणारी झुडपे, वर पायाखालून सरकणारे दगड. ओरेन प्रत्येक दगड पायाने तपासत आणि मगच मला हात करीत. डोंगरावर इतका नीट पाय टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माथ्यावर पाव मैलाच्या अंतराने दोन उंचवटे. नकाशात दोन्ही सारखेच. अशा वेळी दोन्हींवर पाय ठेवायचा, हा आमचा नियम.

उत्तरेच्या उंचवट्यावरून ओरेननी पाणसळ, म्हणजे समपातळी दाखवणारी नळी, डोळ्याला लावली. "एनिड, दक्षिणेचा वर आहे. दोन फूट."

"तुझा हात हलतोय."

"हात ठीक आहे. तुझंच डोकं तिरकं आहे. चल, वीस मिनिटांचं काम."

ढग दाटले होते, हे खरे. पण मी ढगांना घाबरले नाही. मला चूक ठरायचे नव्हते. उत्तरेच्या उंचवट्यावर दगडांत ठेवायच्या चिठ्ठीवर मी सही केली, पुढे ४४ लिहिले आणि उतरू लागले. ओरेन तासाने खाली भेटले. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आपली यादी त्यांनी मंडळाकडे कधीच पाठवली नाही.

गेल्या वर्षी विमानातून नवी मोजणी झाली. दक्षिणेचा उंचवटा तेवीस इंचांनी वर निघाला. टोव्ह तिथे जाऊन आली. दगडांच्या राशीत तंबाखूचा डबा होता, त्यात ओरेनच्या अक्षरातली चिठ्ठी: तारीख, वेळ, नाव, ४४. खाली एक ओळ आखून मोकळी सोडलेली. तिच्या कडेला लिहिलेले: "एनिडसाठी."

ऑक्टोबरमध्ये मी निघाले. झुडपांपाशीच कंबरेने नकार दिला.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या; आणि साक्षीदार मला ओरेनच हवे होते. म्हणून या मंगळवारी पाटी मी हाताने नेऊन दिली.

"सदतीस वर्षं गप्प बसलास?"

"तू विचारलंस कुठे? आणि हिच्यावर तर तुझं नाव आहे. मी काय करू हिचं?"

"उलटी लाव. मागची बाजू कोरी आहे."

५. मंडळाने पहिल्या व्यक्तीच्या नोंदीतले माझे नाव खोडून त्या जागी ओरेन लिंडक्विस्ट यांचे लिहावे.

६. माझी राख वर नेऊ नये. उचलून नेलेला माणूस आमच्यात मोजत नाहीत. ती झुडपांपाशी टाकावी, जिथवर मी माझ्या पायांनी गेले. चिठ्ठीतली मोकळी ओळ कोणीही, प्रेमानेसुद्धा, भरू नये.

आमच्यात सहीपुढे काउंट्यांचा आकडा लिहितात. तो तपासून लिहिला आहे.

सही: एनिड टॉरगर्सन, ४३

आम्हा दोघांसमोर सही झाली:
मर्ना ओस्टबी, ग्रंथपाल, ०
ओरेन लिंडक्विस्ट, ४४

सेजफोर्ड, ९ मे २०२५