गौरीच्या दारातला स्कॅनर

११ एप्रिल २०२४, गुरुवार
चैत्रगौर बसवली. पितळी पाळणा चिंचेनं घासला, वर अर्धा तांब्या पाणी. नळ आठव्या दिवशी येतो, गौरीनंही समजून घ्यावं. यंदा हळदीकुंकू थाटात. शुक्रवार, ३ मे धरला. पुण्याला श्रीरंगला फोन केला. नीरजाला आणि सईला घेऊन ये म्हटलं. बघतो म्हणाला. मागच्या वर्षी माझा लेक सरळ जमणार नाही म्हणाला होता. म्हणजे प्रगती आहे.

१४ एप्रिल, रविवार
नातीचा फोन. सई म्हणाली, आईच्या ऑफिसच्या कार्यक्रमात दारातच क्यूआर कोड लावतात. पाहुण्यांनी मोबाईलनं स्कॅन करायचा, नाव टाकायचं. मग प्रश्न येतात, उत्तरं द्यायची, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. कोणी कंटाळत नाही, कोणी लवकर उठत नाही. हे शेवटचं मी दोनदा विचारून घेतलं. मागच्या वर्षी बायका ओटी घेतल्या घेतल्या चपला शोधायला लागल्या होत्या.
मी जुनी मॅट्रिक. नव्या गोष्टींना भिणारी नव्हे. सई म्हणाली, कोड मी करून पाठवते, पुण्यातूनही खेळता येईल. त्या दोघी इथं येणारच आहेत, पण असू दे.

२० एप्रिल, शनिवार
प्रश्न काढले. गौर माहेरी किती दिवस राहते? पन्ह्यात गूळ की साखर? पैठणला नाथषष्ठी कोणत्या महिन्यात? ह्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, हे सगळ्याच बायकांना येतं. म्हटलं, येऊ दे. हरवायला थोडंच बोलावतेय.

२४ एप्रिल, बुधवार
दरवर्षी कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर बोलावणं करते. यंदा व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. 'चैत्रगौर'. सव्वीस जणी. समोरच्या प्लॉटवरच्या नव्या बिल्डिंगमधल्याही, ज्यांचं तोंड अजून पाहिलं नाही. ऊन वाचलं, चपला वाचल्या, दारोदारचा चहाही वाचला. वाचलेला वेळ गॅलरीत बसून काढला. संध्याकाळपर्यंत सतरा जणींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. यायचं म्हणूनच जोडले ना.

२८ एप्रिल, रविवार
ग्रुप फार जोरात आहे. सकाळपासून मेसेज थांबेनात. सगळे टँकरचे. कधी येणार, कोणी दोन ड्रम जास्त भरले. एकीनं ग्रुपचं नाव बदलून 'टँकर अपडेट' केलं. नावात काय आहे. पुंडलिकनगरच्या बायका एकत्र आल्या, हे महत्त्वाचं.
श्रीरंगचा फोन. नीरजाला सुट्टी नाही, सईचे क्लास. पण व्हिडिओवर नक्की येतील. एका अर्थी बरंच झालं. तीन माणसांच्या आंघोळीचं पाणी कुठून आणलं असतं?
वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्या परत आत घेतल्या.

२ मे, गुरुवार
शहागंजात जाऊन कोड छापून आणला. आमच्या भागात छपाई महाग. काळापांढराच घेतला, रंगाला गौरीपुढं फुलं आहेत. मैद्याची खळ शिजवून दाराच्या चौकटीवर चिकटवला, तोरणाखाली. असा बसलाय की नखानंही निघणार नाही. खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'आत येण्यापूर्वी स्कॅन करावे.' अक्षर अजून चांगलं आहे.
सव्वीस जणींचे हरभरे भिजवले. पाणी जारचं.

३ मे, शुक्रवार
दुपारी ४. डाळ झाली, पन्हं झालं, सतरंजी टाकली. बक्षिसाचा स्टीलचा डबा गौरीपुढं ठेवला.
५.३०. जिन्यात चपला वाजतात, दारापाशी थांबतात, परत खाली जातात. रेंज शोधत असतील.
६.१५. शेजारच्या द्वारकाबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या. म्हणाल्या,
"काकू, हळदीकुंकवाला तिकीट लावलं व्हय?"
मी म्हटलं, अहो खेळ आहे तो, प्रश्नांचा. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "भाजीवाला स्कॅनर लावायला, दूधवाला लावायला, आता गौर बी लावायली. बायका जिन्यातूनच माघारी गेल्या की. फोटो फिरायला समद्यांच्या ग्रुपवर."
आपल्या ग्रुपवर तर नाही, म्हटलं.
"दुसऱ्या ग्रुपवर, काकू."
दुसरा ग्रुप आहे, हे आज कळलं. उद्या खुलासा टाकावा. कुठं टाकावा, ते बघते.
द्वारकाबाईंची ओटी भरली. डाळ घेतली, लई झ्याक झाली म्हणाल्या. बसा म्हटलं, तर खाली टँकरचा हॉर्न वाजला.
७.००. व्हिडिओ लागला. नीरजा गाडीत होती, मोबाईल कुठंतरी खाली ठेवलेला. पडद्याच्या तळाशी तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. आई, सिग्नलला आहे, पटकन बोला, म्हणाली. सई क्लासला. सून दारात आली आणि मोकळ्या कपाळानं कशी पाठवू? काचेवरच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. कुंकवाचं लावलं, तर ते नेमकं खालच्या लाल बटणावर पडलं. फोन बंद.
परत लावला. उचलला नाही. तीही इकडंच लावत असेल, म्हणून मी थांबले. मग तीही थांबली असेल.

४ मे, शनिवार
कार्यक्रम एकंदरीत छान झाला. गर्दी नसल्यामुळं पाणी कमी लागलं. सईनं कळवलं, खेळात एकच नाव आलं, भानुमती. आजी, तू पहिली आलीस. बक्षिसाचा डबा मीच ठेवून घेतला. तसा तो मलाच आवडला होता.
पुढच्या वर्षी कोड रंगीत छापायचा.
रात्री डाळ. ह्यांनी तक्रार केली नाही.

७ मे, मंगळवार
हरभऱ्यांची उसळ. सकाळीही तीच होती. ह्यांनी विचारलं, अजून किती जणी राहिल्यात?

१० मे, शुक्रवार
अक्षय्यतृतीया. गौरीची बोळवण केली. महिनाभर राहिली बिचारी, एकदाही घाई केली नाही. पाळणा पुसून फळीवर ठेवला. मोबाईलच्या काचेच्या कडेला कुंकू तसंच आहे, पुसायचं राहून गेलंय. दारावरचा कागद भिजवल्याशिवाय निघायचा नाही, आणि नळ परवा.
दुपारी बेल वाजली. घाईनं पदर नीट केला. जारवाला रामकिसन. एरवी धाडकन आत येऊन जार ठेवतो. आज जार उंबऱ्याबाहेर ठेवून मोबाईल चौकटीशी धरून उभा होता. सूचना वाचून पाळणारा पहिलाच.
होऊ दिलं त्याचं.
"काकू," तो म्हणाला, "कार्यक्रम संपला म्हणायलंय. आत येऊ का?"
ये, म्हटलं.